नवख्याचा प्रश्न, जाणत्याचा वेळ

(एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात वस्तूंची एक ठरलेली वर्गवारी असते. भाकरी एकाने खाल्ली की ती दुसऱ्यास उरत नाही. दिव्याचा प्रकाश एकाने घेतला म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही. ज्ञान ह्या दुसऱ्या प्रकारात मोडते, एवढे सांगून पाठ्यपुस्तक पुढच्या प्रकरणाकडे वळते. पण ज्ञान कोणाच्या तरी डोक्यात असते. ते दुसऱ्याच्या डोक्यात पोचवायचे तर पहिल्याला हातातले काम थांबवावे लागते, समजावून सांगावे लागते आणि बहुधा तेच ते पुन्हा सांगावे लागते. ज्ञान वाटल्याने सरत नाही हे खरे. सांगणाऱ्याची संध्याकाळ मात्र सरते. ह्या संध्याकाळीची किंमत कोणी मोजावी, हा प्रश्न शाळा, कारखाना, शेत अशा सर्वच ठिकाणी पडतो. परंतु तेथे तो पगार, फी, नाती आणि हुद्दे ह्यांच्या गर्दीत झाकला जातो. एका ठिकाणी तो जवळजवळ उघडानागडा पाहावयास मिळतो. ते ठिकाण म्हणजे संगणकांच्या जाळ्यावर १९७० नंतरच्या दोन-अडीच दशकांत उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसांच्या वसाहती. तेथे पगार नव्हता, फी नव्हती, चेहराही दिसत नव्हता. कोणीतरी विचारीत होता आणि कोणीतरी सांगत होता.

ह्या वसाहतींचा इतिहास सांगताना सर्वसाधारणपणे यंत्रांचा आणि कल्पक तरुणांचा गौरव केला जातो. तो येथे करावयाचा नाही. येथे पाहावयाचे आहे ते एवढेच, की दाराशी आलेल्या नवख्या माणसाला तेथे कसे वागविले गेले, आणि ते तसे का.

प्रारंभ कॅलिफोर्नियातील बर्कली ह्या विद्यापीठाच्या गावापासून करता येईल. ऑगस्ट १९७३ मध्ये तेथील ‘लिओपोल्ड्स रेकॉर्ड्स’ ह्या ध्वनिमुद्रिकांच्या दुकानापाशी, कागदी जाहिरातींच्या फळ्याशेजारी, एक टेलिटाइप यंत्र ठेवण्यात आले. त्याचा खडखडाट कमी व्हावा म्हणून ते पुठ्ठ्याच्या खोक्यात बसविले होते. दूरध्वनीच्या तारेने ते सॅन फ्रान्सिस्कोतील एका जुन्या, मोठ्या संगणकाला जोडलेले होते. ‘कम्युनिटी मेमरी’ असे ह्या उपक्रमाचे नाव होते, आणि ली फेल्सेन्स्टाइन, एफ्रेम लिप्किन आदी मंडळी त्यामागे होती. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातील चळवळीच्या काळात घडलेल्या पिढीतली ही माणसे. संगणक हे लष्कराचे आणि मोठ्या कंपन्यांचे हत्यार आहे, ते सामान्य माणसाच्या हाती द्यावे, ही त्यांची भूमिका होती. ह्या यंत्राजवळ एक कार्यकर्ता उभा असे. येणाऱ्याला हे काय आहे, कोणते अक्षर दाबायचे, हे तो समजावून देई. हा तपशील इतिहासकार ओघात सांगून पुढे जातात. वस्तुतः तोच महत्त्वाचा आहे. यंत्र ठेवणाऱ्यांनी गृहीत धरले होते की येणारा नवखा असणार आणि त्याला शिकविणे हा आपल्या कामाचा भाग आहे. नवखेपणा हा त्यांच्या हिशेबात अपघात नव्हता.

लोकांनी त्या यंत्राला काय विचारले? फेल्सेन्स्टाइन ह्यांनी अनेकदा सांगितलेले उदाहरण असे, की कोणीतरी विचारले, ह्या भागात चांगला बेगल कोठे मिळतो? बेगल म्हणजे कड्याच्या आकाराचा, ज्यू पद्धतीचा पाव. काही उत्तरांत दुकानांची नावे आली. एका उत्तरात मात्र असे होते, की अमुक ठिकाणी दूरध्वनी करा, पूर्वी बेगल भाजण्याचे काम केलेला माणूस तुम्हाला ते करावयास शिकवील. विचारणाऱ्याने पाव मागितला होता, त्याला विद्या देऊ करण्यात आली. जानेवारी १९७५ मध्ये हा प्रयोग आटोपला.

त्यानंतरची मोठी वसाहत म्हणजे ‘यूजनेट’. तिचा जन्म आर्थिकदृष्ट्या फार बोलका आहे. अमेरिकेत दूरध्वनीची मक्तेदारी असलेल्या एटी अँड टी कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत ‘युनिक्स’ ही संगणकप्रणाली १९६९ नंतर तयार झाली. परंतु मक्तेदारीविरोधी खटल्यात १९५६ साली झालेल्या तडजोडीमुळे ह्या कंपनीला दूरसंचाराबाहेरचा धंदा करण्यास मनाई होती. म्हणून तिने युनिक्स विद्यापीठांना अल्प शुल्कात दिली, पण ‘आहे तशी’. दुरुस्ती नाही, मार्गदर्शन नाही, तक्रार ऐकून घेणारे कोणी नाही. परिणामी ज्यांच्याकडे ती होती त्या साऱ्यांना एकमेकांवाचून गत्यंतर राहिले नाही. एका विद्यापीठातल्या तरुणाला सापडलेली चूक दुसऱ्याला कळविणे ही सौजन्याची बाब नव्हे, निकडीची बाब झाली. बाजाराने ज्या जागी पाठ फिरविली त्या जागी सहकार उगवला, असे येथे म्हणता येते. मात्र सहकार्याची ही गरज कंपनीच्या औदार्यातून आली नव्हती, कायद्याने तिचे हात बांधल्यामुळे आली होती, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

१९७९ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस आणि शेजारच्या चॅपेल हिल येथील स्टीव्ह बेलोविन ह्या विद्यार्थ्यांनी दोन्हीकडचे संगणक दूरध्वनीने जोडून संदेश इकडून तिकडे नेण्याची व्यवस्था रचली. जानेवारी १९८० मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे युनिक्स वापरणाऱ्यांची परिषद भरली, तेथे त्यांनी निमंत्रणाचे एक पत्रक वाटले. ह्या जाळ्यावरचे पहिले लेख कोणते असतील ह्याचा अंदाज त्यात दिलेला आहे: चुकांच्या दुरुस्त्या, अडचणींच्या नोंदी, आणि मदतीसाठी मारलेल्या सर्वसाधारण हाका. पुढे ज्या जाळ्यावर राजकारण, धर्म, विनोद, भांडणे आणि जगातली यच्चयावत प्रकरणे आली, त्याचा पाया मदतीच्या हाकेवर घातलेला होता. मदत मागणारा तेथे आगंतुक नव्हता. त्याच्यासाठीच ते घर बांधले होते.

पण घर चालविण्यास खर्च येतो. संदेश रात्रीच्या स्वस्त दरात, एका यंत्राने दुसऱ्याला दूरध्वनी करून, संथ गतीने पुढे सरकत. ते बिल त्या त्या विद्यापीठाने अथवा संस्थेने भरायचे. लॅरी वॉल ह्यांनी लिहिलेल्या, संदेश पाठविण्याच्या आज्ञावलीत एक इशारा होता. तुमचा मजकूर हजारो यंत्रांवर जाईल, त्यापायी जाळ्याला शेकडो, कदाचित हजारो डॉलर खर्च येईल, तुमची खात्री आहे ना, असे ती आज्ञावली प्रत्येकाला विचारी. तो आकडा शब्दशः घेण्याचे कारण नाही. थोडी थट्टा त्यात होतीच. तथापि प्रश्न विचारणे म्हणजे दुसऱ्याच्या पैशावर आणि वेळेवर काहीतरी मागणे होय, ही जाणीव नवख्याला पहिल्याच पायरीवर करून दिली जात असे.

दरवर्षी सप्टेंबरात अमेरिकन महाविद्यालये उघडत. नव्या विद्यार्थ्यांना संगणकाचे खाते मिळे आणि ते ह्या वसाहतीत येऊन तेच तेच प्रश्न विचारू लागत. जुनी मंडळी कुरकुरत, रागावत आणि शिकवीत. आठवड्या-दोन आठवड्यांत, फार तर महिन्याभरात, नवे विद्यार्थी रीतिभाती शिकत आणि जाळे पूर्ववत शांत होई. पुढल्या वर्षी हेच विद्यार्थी नव्यांवर कुरकुरत. ही व्यवस्था वरून कोणी ठरविलेली नव्हती. शिकविण्याचा भार वर्षाकाठी एकदाच येई, तो पेलण्याजोगा असे, आणि शिकलेला माणूस शिकविणाऱ्यांत सामील होई. गायरानाचा उपयोग गाव पिढ्यान्‌पिढ्या करते आणि तरी ते उजाड होत नाही, ते का, ह्याचा अभ्यास केल्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सामाईक मालमत्तेची नासाडी अटळ आहे, हे गॅरेट हार्डिन ह्यांचे १९६८ चे प्रसिद्ध प्रतिपादन त्यांनी गावोगावच्या पुराव्याने खोडून काढले. वापरणाऱ्यांनी स्वतः केलेले नियम, परस्परांवर लक्ष आणि सौम्यापासून चढत जाणारी शिक्षा ही त्यांनी दाखविलेली लक्षणे ह्या सप्टेंबरी रिवाजात जशीच्या तशी दिसतात.

ह्या वसाहतीने निर्माण केलेली सर्वांत उपयुक्त संस्था म्हणजे ‘एफएक्यू’, अर्थात वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरांसह यादी. ह्या संज्ञेचे श्रेय सामान्यतः नासा संस्थेतील युजीन मिया ह्यांना दिले जाते. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अंतराळविषयक चर्चेत तेच प्रश्न पुनःपुन्हा येतात हे पाहून त्यांनी उत्तरे एकत्र करून ठराविक काळाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. आज ही तीन अक्षरे बँकेच्या आणि विमा कंपनीच्या जाहिरातपत्रावरही दिसतात, आणि ती तेथे बहुधा ग्राहकाला दूर ठेवण्यासाठी असतात. मूळची यादी वेगळ्या हेतूची होती. शेकडो जाणत्यांच्या सरलेल्या संध्याकाळी तीत साठविलेल्या होत्या. एकाने लिहावे, दहांनी चुका काढाव्यात, वर्षानुवर्षे कोणीतरी विनामोबदला ती अद्ययावत ठेवावी, असे चालले होते. ह्या याद्यांचे मोठे भांडार मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील एका यंत्रावर होते. त्या यंत्राचे नाव होते ‘आरटीएफएम’. ही चार अक्षरे म्हणजे नवख्याच्या तोंडावर फेकली जाणारी एक शिवी होती. ‘आधी ती माहितीपुस्तिका वाच’ असा तिचा अर्थ, आणि पुस्तिकेच्या आधी एक ग्राम्य विशेषण. ज्ञानाच्या धर्मशाळेच्या दारावर शिवीची पाटी असावी, ह्यात त्या समाजाचा सारा स्वभाव आला. अन्नछत्र खरे होते, वाढणाऱ्याची जीभही तिखट होती.

जीभ तिखट का होती? वैयक्तिक उद्धटपणा हे एक उत्तर आहे आणि काही जणांच्या बाबतीत ते पुरेसेही आहे. पण त्यामागे एक रचना होती. युनिक्सविषयी बोलण्यासाठी दोन निराळे गट होते. एक ‘क्वेश्चन्स’, म्हणजे प्रश्नांसाठी. दुसरा ‘विझर्ड्‌स’, म्हणजे मांत्रिकांसाठी. नवख्याने दुसऱ्या ओसरीवर चढू नये अशी अपेक्षा असे. ज्ञानाच्या उतरंडीला स्वतःची सोवळी-ओवळी फार लवकर सुचतात; वर्णव्यवस्थेच्या देशातल्या माणसाला हे निराळे सांगावयास नको. ज्याला पगार मिळत नाही, हुद्दा मिळत नाही, त्याला मानाची भूक असते, आणि मान मोजण्याचे सर्वांत सोपे माप म्हणजे दुसऱ्याचे अज्ञान. एरिक रेमंड आणि रिक मोएन ह्यांनी २००१ साली ‘शहाण्यासारखे प्रश्न कसे विचारावेत’ अशा अर्थाची एक मार्गदर्शिका लिहिली. ती जगभर वाचली गेली. तिच्यातील पुष्कळसा उपदेश रास्त आहे. आधी स्वतः शोधा, यंत्राने दिलेला संदेश जसाच्या तसा लिहा, काय काय करून पाहिले ते सांगा, उत्तर सापडल्यावर इतरांसाठी नोंदवा. आपल्याकडील कोणत्याही संशोधन-मार्गदर्शकाने विद्यार्थ्याला हेच सांगितले असते. मात्र तिचा सूर असा आहे, की मान खाली घालून यायचे ते विचारणाऱ्याने. इंग्रजी ज्याची मातृभाषा नाही त्याने तसे आधीच सांगून ठेवावे, अशीही सूचना तीत आहे. सूचना सद्‌हेतूची आहे, परंतु दिलगिरी कोणी व्यक्त करायची हे तीत ठरून गेले आहे. स्त्रियांना तर हा सूर अधिकच बोचत असे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस डेब रिचर्डसन ह्यांनी लिनक्स वापरणाऱ्या स्त्रियांसाठी ‘लिनक्सचिक्स’ हा गट काढला तेव्हा त्याचे नियम दोनच ठेवले: नम्र असा, आणि मदत करा. एवढे दोन नियम निराळा गट काढून लिहून ठेवावे लागले, ह्यावरून मूळ घरातील वातावरणाची कल्पना येते.

आता ह्या प्रकरणातील मर्माकडे यावयास हवे. प्रश्न विचारणारा घेतो आणि उत्तर देणारा देतो, हे ज्या हिशेबात धरलेले आहे तो हिशेबच अपुरा आहे. १९९१ च्या उन्हाळ्यातील दोन घटना पाहा. ३ जुलै रोजी हेलसिंकी विद्यापीठातील एकवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने ‘मिनिक्स’ ह्या प्रणालीच्या गटावर विचारले, की ‘पोझिक्स’ नावाच्या मानकाचे नियम यंत्रावर वाचता येतील अशा रूपात कोठे मिळतील का? त्या विद्यार्थ्याचे नाव लिनस टॉर्व्हाल्ड्‌स. २५ ऑगस्टला त्याने त्याच गटावर, आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत आहोत, लोकांना तीत काय हवे, असे पुन्हा विचारले. हेलसिंकी तंत्रविद्यापीठातील आरी लेम्के ह्यांनी सप्टेंबरात तिला आपल्या यंत्रावर जागा आणि ‘लिनक्स’ हे नाव दिले. दुसरी घटना ६ ऑगस्टची. एका गटावर कोणीतरी विचारले होते, की निरनिराळ्या ठिकाणची माहिती दुव्यांनी जोडून मिळविण्याच्या दिशेने कोणी काही काम करीत आहे काय? जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतील टिम बर्नर्स-ली ह्यांनी उत्तर दिले, होय, आम्ही करीत आहोत, आणि आपल्या ‘वर्ल्ड वाइड वेब’ ह्या प्रकल्पाची माहिती सोबत जोडली. जगाला वेबची ओळख झाली ती अशी, एका विचारणाऱ्याला दिलेल्या उत्तरातून.

हे अपवाद म्हणून बाजूला सारता येतील. म्हणून एक संख्यात्मक पुरावाही पाहावा. करीम लखानी आणि एरिक व्हॉन हिप्पेल ह्या अभ्यासकांनी ‘अपाची’ ह्या आज्ञावलीविषयीच्या यूजनेट-गटावरील मोफत मदतीचा अभ्यास करून तो २००३ साली प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा, की मदत करणारे आपला जो वेळ तेथे घालवितात त्यातील ९८ टक्के वेळाचे फळ त्यांना स्वतःलाच शिकण्याच्या रूपाने मिळते. ते मुख्यतः इतरांचे प्रश्न आणि इतरांची उत्तरे वाचतात. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे ते लिहून टाकण्यास फार थोडा वेळ लागतो. म्हणजे प्रश्न हीच ह्या वसाहतीची कच्ची सामग्री होती. कोणती गोष्ट कोठे मोडते, पुस्तिकेतील कोणते वाक्य कोणालाच समजत नाही, हे जाणत्याला नवख्यावाचून कळण्याचा मार्ग नव्हता. नवखा रिकाम्या हाताने येत नव्हता.

रिचर्ड टिट्‌मस ह्यांनी १९७० साली ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ ह्या ग्रंथात ब्रिटनमधील ऐच्छिक रक्तदान आणि अमेरिकेतील रक्ताची खरेदी-विक्री ह्यांची तुलना केली. रक्ताला किंमत लावली की केवळ विकणारे वाढतात असे नाही, दान करणाऱ्याची प्रेरणाही खचते आणि रक्ताचा दर्जाही घसरतो, असे त्यांनी मांडले. केनेथ अ‍ॅरो ह्यांच्यासारख्या थोर अर्थशास्त्रज्ञाने त्यांचा युक्तिवाद पूर्णपणे मान्य केला नाही. तथापि दान आणि बाजार एकाच पंगतीला बसले की काय होते, हा टिट्‌मस ह्यांचा प्रश्न टिकून राहिला. संगणकांच्या जाळ्यावर त्याचे उत्तर मिळण्याची वेळ १९९३ नंतर आली.

त्या सुमारास ‘डेल्फाय’ आणि मार्च १९९४ पासून ‘अमेरिका ऑनलाइन’ ह्या व्यापारी कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना यूजनेटचे दार उघडून दिले. आता नवखे वर्षातून एकदा येत नव्हते, रोज येत होते, आणि शेकड्यांनी नव्हे, लाखांनी. जानेवारी १९९४ मध्ये डेव्ह फिशर ह्यांनी एका गटावर लिहिले की सप्टेंबर १९९३ हा कधीच न संपलेला सप्टेंबर म्हणून जाळ्याच्या इतिहासात नोंदला जाईल. शब्द लोकांना आवडला आणि तेव्हापासून ‘न संपणारा सप्टेंबर’ ही जुन्या रहिवाशांची विलापगाथा झाली. अडाणी आले, शिष्टाचार बुडाला, सुवर्णयुग संपले. ‘अमेरिका ऑनलाइन’कडून आलेल्या माणसाचा पत्ता पाहताच त्याची टवाळी सुरू होई.

हा विलाप चुकीच्या दारात केला गेला. नवख्यांचा अपराध काय होता? त्यांनी पैसे भरले होते. डिसेंबर १९९६ मध्ये ह्या कंपनीने महिना १९ डॉलर ९५ सेंट असा सरसकट दर लागू केला. तोवर ठराविक तासांनंतर ती तासावर पैसे आकारीत असे. म्हणजे माणूस जितका गोंधळलेला, जितका वेळ चाचपडत राहणारा, तितकी कंपनीची कमाई अधिक. त्याला शिकविण्याचे काम मात्र ज्यांना एक सेंटही मिळत नव्हता अशा लोकांच्या अंगावर लोटून दिले गेले. कारखान्याने सांडपाणी नदीत सोडावे आणि शुद्धीकरणाचा खर्च खालच्या गावाने करावा, ह्याला अर्थशास्त्रात बाह्य खर्च म्हणतात. खालच्या गावाने राग काढला तो पाण्यावर. सांडपाण्याची उपमा माणसांना लावणे अर्थातच गैर आहे, पण तेव्हाचे जुने रहिवासी नवख्यांविषयी जवळपास त्याच भाषेत बोलत होते. बर्कलीच्या दुकानात यंत्राशेजारी जो एक माणूस उभा होता, तो उभा करण्याची ऐपत ह्या कंपनीला निश्चितच होती.

किंबहुना कंपनीने तो उभा केलाही, आणि त्याची कथा अधिक उद्बोधक आहे. आपल्या स्वतःच्या आवारात नव्या ग्राहकांना हात धरून फिरविण्यासाठी, त्यांच्या शंका सोडविण्यासाठी, चर्चेत शिस्त राखण्यासाठी तिने ‘कम्युनिटी लीडर’ म्हणजे समाजप्रमुख नेमले. त्यांची संख्या ऐन भरात चौदा हजारांच्या आसपास होती. त्यांना प्रशिक्षण घ्यावे लागे, आठवड्याला ठराविक तास पाळी करावी लागे, वेळेची नोंद द्यावी लागे. मोबदला म्हणजे खात्याची सूट. तासावर आकारणी होती तोवर तिला मोल होते. सरसकट दर आल्यावर ते फारसे उरले नाही. पाळी, नोंदवही, देखरेख हे सारे नोकरीचे, फक्त वेतन दानधर्माचे. १९९९ साली काही माजी स्वयंसेवकांनी अमेरिकेच्या श्रम खात्याकडे तक्रार केली. खात्याने चौकशी केली आणि निष्कर्षावाचून सोडून दिली. न्यूयॉर्कच्या न्यायालयात दाखल झालेला दावा मात्र चालू राहिला, आणि २०१० साली दीड कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला. नवख्याला मदत करणे हे श्रम आहे, हे न्यायालयाच्या दारात मान्य करून घेण्यासाठी दहा-अकरा वर्षे लागली, आणि तेही तडजोडीने. निवाडा झालाच नाही.

भारतात हे जग उशिरा आले. शैक्षणिक संस्थांना जोडणारे ‘अर्नेट’ १९८६ पासून उभे राहू लागले, त्यात मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राचा वाटा मोठा होता. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सेवा सुरू केल्यावर. विद्यार्थ्यांच्या स्वस्त खात्यावर केवळ अक्षरे दिसत आणि दूरध्वनीचे बिल निराळे येई. अशा वेळी मुंबईत आणि पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचे जे गट निघाले, त्यांनी तबकड्या हातोहात वाटल्या, प्रत्यक्ष भेटून एकमेकांच्या यंत्रांवर प्रणाली बसवून दिल्या. समोर बसलेल्या मुलाला मराठीत विचारता येत होते. मराठी माध्यमातून आलेल्या तंत्रनिकेतनातील मुलाला अडचण यंत्राची जितकी होती, तितकीच प्रश्न इंग्रजीत मांडण्याची होती, आणि जगाच्या चव्हाट्यावर चुकीचे इंग्रजी लिहिण्याची लाज त्याहून मोठी. जे कधी विचारलेच गेले नाहीत अशा प्रश्नांची कोणत्याही भांडारात नोंद नाही.

भांडारांचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. यूजनेटचा मजकूर ‘देजा न्यूज’ ह्या कंपनीने १९९५ पासून साठविला. २००१ साली तो संग्रह गूगलने विकत घेतला. आणि २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने त्यात नवा मजकूर घेणे थांबविले. २००८ साली जेफ अ‍ॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की ह्यांनी काढलेल्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ने प्रश्नोत्तरांची जुनी रीत गुणांकांच्या शिस्तीत बसविली, जाणत्यांनी कोट्यवधी उत्तरे तेथे विनामूल्य लिहिली, आणि नवख्याला तेथेही इतके झिडकारले गेले की आपण पुरेसे स्वागतशील नाही, ही कबुली २०१८ साली खुद्द चालकांनाच जाहीरपणे द्यावी लागली. २०२१ साली ही कंपनी प्रोसस ह्या बहुराष्ट्रीय कंपनीला १८० कोटी डॉलरना विकली गेली. २०२४ साली तिने कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे घडविणाऱ्या गूगल आणि ओपनएआय ह्यांच्याशी करार केले. आपली उत्तरे अशी वापरली जाऊ नयेत म्हणून ज्या काही सभासदांनी ती पुसण्याचा प्रयत्न केला, त्यांची खाती स्थगित करण्यात आली आणि उत्तरे पुन्हा जागेवर ठेवण्यात आली. उत्तरे लिहिताना त्यांनी खुला परवाना मान्य केला होता, ही कंपनीची बाजू कायद्याने लंगडी नाही. मात्र खुल्या परवान्याखाली दिलेले दान एका पैसेवाल्याने दुसऱ्या पैसेवाल्याला पोचवावे, ही कल्पना दान करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी केली असेल.

नवखा आता यंत्राला विचारतो. ते रागावत नाही, ‘आधी पुस्तिका वाच’ म्हणत नाही, मोडके इंग्रजी चालवून घेते, मराठीतही उत्तर देते. ज्याने जुन्या वसाहतीत एकदा शिवी खाल्ली आहे त्याला हे सुख वाटले तर त्यात नवल नाही, आणि त्याला दोष देण्याचेही कारण नाही. ‘स्टॅक ओव्हरफ्लो’वर नव्या प्रश्नांची संख्या २०२२ च्या अखेरीनंतर झपाट्याने घटली. जे प्रश्न तेथे पडत नाहीत ते बंद दाराआड, एकेकट्याने विचारले जातात. उत्तर बरोबर की चूक हे पाहणारा तिसरा माणूस तेथे नसतो; दुसऱ्या दिवशी त्याच अडचणीत सापडलेल्याला ते वाचता येत नाही; आणि विचारणारा पुढल्या सप्टेंबरात कोणाला शिकविण्यासाठी तेथे थांबत नाही.